दाबप्रसरणाचे संगणकीय सदृशीकरण

दोन पृष्ठभागांमध्ये ठेवलेला घट्ट, श्यान लेप दाबला असता तो कसा, किती वेगाने व कोठवर पसरेल हे गणिती समीकरणांच्या आधारे संगणकावर वर्तवणे याला दाबप्रसरणाचे संगणकीय सदृशीकरण, म्हणजेच सिम्युलेशन, असे म्हणतात. संगणकाची चिप व तिच्यावरील उष्णताशोषक यांच्यामधील उष्णतावाहक लेप, दातावरील कृत्रिम टोपी बसवताना वापरले जाणारे सिमेंट, विटांच्या सांध्यातील मसाला, दोन भाग जोडणारा चिकट पदार्थ ही दाबप्रसरणाची नेहमीची उदाहरणे आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: लेपाची अखेरची जाडी किती होईल, तो सर्व पृष्ठभाग व्यापेल की नाही आणि त्यात हवा अडकून राहील का. श्यानतेवर आधारलेले अभिजात सूत्र लेप पसरण्याचा वेग सांगते, परंतु लेप कोठे थांबेल हे सांगत नाही. व्यवहारात महत्त्वाचा असतो तो बहुधा हा दुसराच प्रश्न.

प्रवाहाचे स्वरूप

पुरीयंत्रात कणकेचा गोळा ठेवून वरची चकती दाबली की कणीक मध्यापासून कडेकडे सरकते. घनफळ कायम असल्याने जाडी जितकी कमी होते तितके क्षेत्रफळ वाढते. लेपाचा जो थर पृष्ठभागाला चिकटलेला असतो तो जागचा हलत नाही. सर्वाधिक वेग दोन्ही पृष्ठभागांच्या मधोमध असतो. या वेगफरकामुळे लेपात कर्तन, म्हणजे एका थराचे दुसऱ्यावरून घसरणे, निर्माण होते आणि त्याला होणारा विरोध म्हणजेच दाबणाऱ्या बलाला होणारा विरोध होय. लेपातील दाब मध्यभागी सर्वांत जास्त असतो व मोकळ्या कडेशी तो वातावरणीय दाबाइतका होतो. साध्या श्यान द्रवात, वातावरणीय दाबापेक्षा जास्त असलेला मध्यबिंदूचा दाब सरासरी जादा दाबाच्या नेमका दुप्पट भरतो.

या प्रवाहात जडत्वाला जवळजवळ स्थान नसते. घट्ट लेप अत्यंत पातळ फटीतून सरकत असतो. त्यामुळे दाबणे थांबताच प्रवाहही थांबतो, पाण्यासारखा तो पुढे वाहत राहत नाही. सदृशीकरणाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण प्रत्येक क्षणीचा प्रवाह त्या क्षणीच्या आकारावरून व बलावरून काढता येतो.

इतिहास

ऑस्ट्रियातील भौतिकशास्त्रज्ञ योझेफ श्टेफान यांनी १८७४ मध्ये द्रवात बुडवलेल्या दोन सपाट चकत्या एकमेकींपासून अलग करण्यास वेळ का लागतो याचा अभ्यास केला. उष्णता प्रारणाच्या नियमामुळे त्यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले, पण हे काम त्याच्या पाच वर्षे आधीचे आहे. चकत्या एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटत असल्या तरी ते खरे आसंजन नसून फटीत शिरणाऱ्या द्रवाचा श्यान विरोध आहे, असे त्यांनी दाखवले. अलग करण्याऐवजी दाबण्याची क्रिया घेतली तर तेच सूत्र दिशा बदलून लागू पडते. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी बेअरिंगमधील वंगणाचा सिद्धांत मांडला आणि त्यात पातळ फटीतील दाबाचे जे समीकरण आले ते आजही या विषयाच्या बहुतेक आज्ञावल्यांच्या मुळाशी आहे. दोन जवळच्या काचांमधील प्रवाहाचा हेन्री हेले-शॉ यांचा अभ्यास १८९८ मधील आहे.

विसाव्या शतकात या विषयाला रबर व प्लॅस्टिक उद्योगांनी चालना दिली. दोन समांतर पाट्यांमध्ये कच्च्या रबराची गोळी दाबून तिची घडणक्षमता मोजण्याचे विल्यम्स यांचे उपकरण १९२४ चे आहे. घासल्यावर पातळ होणाऱ्या पदार्थांसाठी स्कॉट यांनी १९३१ मध्ये आणि पाट्यांपेक्षा लहान नमुन्यासाठी डीन्स व क्लेम यांनी १९४६ मध्ये सूत्रे दिली. म्हणजे गोळी दाबून पदार्थाचे गुणधर्म काढण्याचा उलटा प्रश्न आधी सोडवला गेला. गुणधर्म माहीत असताना गोळी कशी पसरेल हा सुलटा प्रश्न संगणक हाताशी आल्यावरच व्यापकपणे हाताळला गेला.

श्यान द्रवाचा नियम

दोन समांतर गोल चकत्यांमधील फट साध्या श्यान द्रवाने पूर्ण भरलेली असेल, तर चकत्या जवळ आणण्यासाठी लागणारे बल श्यानतेच्या, चकत्यांच्या वेगाच्या व त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. जाडी निम्मी झाली की तोच वेग राखण्यास आठपट बल लागते. लेपाचा थेंब चकतीहून लहान असेल तर स्थिती आणखी बिकट होते, कारण जाडी घटत असतानाच त्रिज्या वाढत जाते. अशा वेळी बल जाडीच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात जाते.

बल स्थिर ठेवले तर याचा परिणाम असा होतो की बराच काळ लोटल्यावर थेंबाची जाडी काळाच्या चतुर्थ मुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. जाडी निम्मी व्हायला सोळापट वेळ लागतो. त्रिज्या दुप्पट व्हायची तर २५६ पट वेळ हवा. लेप एकदा पृष्ठभागाच्या कडेपर्यंत पोहोचून बाहेर सांडू लागला की त्रिज्या वाढायची थांबते आणि नियम बदलतो. तेथून पुढे जाडी निम्मी व्हायला चौपट वेळ पुरतो. या दोन टप्प्यांतील फरक लक्षात न घेता केलेले अंदाज हमखास चुकतात.

उदाहरणादाखल ०.१ मिलिलिटर लेप, १०० पास्कल-सेकंद श्यानता आणि ५० न्यूटन बल घेऊ. १०० मायक्रोमीटर जाडी यायला सुमारे २४ सेकंद लागतील व तेव्हा लेपाची त्रिज्या सुमारे १८ मिलिमीटर असेल. ५० मायक्रोमीटरसाठी सुमारे ३८० सेकंद, म्हणजे सव्वासहा मिनिटांहून थोडे अधिक, लागतील आणि २५ मायक्रोमीटरसाठी सुमारे एक तास बेचाळीस मिनिटे. या हिशोबात कोठेही शेवट नाही. पुरेसा वेळ दिला तर लेप हवा तितका पातळ होईल, असे तो सांगतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

लेप कोठे थांबतो

बहुतेक लेप हे द्रवात बारीक घन कण मिसळून केलेले असतात. टूथपेस्ट ब्रशवर उभी राहते, वाहून जात नाही. विशिष्ट मर्यादेपेक्षा कमी प्रतिबल असताना असा पदार्थ घनासारखा वागतो आणि ती मर्यादा ओलांडल्यावरच वाहू लागतो. या मर्यादेला प्रवाहारंभ प्रतिबल म्हणतात, अभियंत्यांच्या बोलण्यात ती यील्ड स्ट्रेस म्हणून येते. बिंगहॅम आणि हर्शेल-बल्कली ही अशा पदार्थांची दोन प्रचलित प्रतिमाने आहेत. मर्यादा ओलांडल्यावर प्रतिबल वेगफरकाच्या सम प्रमाणात वाढते असे पहिले मानते, तर घासल्यावर पातळ होण्याचा गुणही दुसऱ्यात सामावतो.

प्रवाहारंभ प्रतिबल असलेला लेप दाबताना तो जितका पातळ व विस्तृत होत जातो तितका त्याला हलता ठेवण्यासाठी किमान बलही वाढत जाते. हे किमान बल प्रवाहारंभ प्रतिबलाच्या व त्रिज्येच्या तिसऱ्या घाताच्या सम प्रमाणात आणि जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. ज्या जाडीला ते लावलेल्या बलाइतके होते तेथे लेप थांबतो, मग कितीही वेळ गेला तरी चालेल. वरच्याच उदाहरणातील लेपाचे प्रवाहारंभ प्रतिबल १०० पास्कल मानले तर तो सुमारे ५६ मायक्रोमीटर जाडीवर थांबेल. साध्या श्यान हिशोबाने सव्वासहा मिनिटांत मिळणारी ५० मायक्रोमीटर जाडी या लेपाला कधीच गाठता येणार नाही. बल दुप्पट केले तरी अखेरची जाडी फक्त सुमारे २४ टक्क्यांनी घटते.

हा फरक केवळ सैद्धांतिक नाही. १५० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या चिपमधून १०० वॅट उष्णता बाहेर पडत असेल आणि लेपाची उष्णतावाहकता ५ वॅट प्रतिमीटर-केल्विन असेल, तर ५० मायक्रोमीटर जाडीच्या लेपातच तापमानात सुमारे ७ अंशांचा फरक पडतो. जाडी १०० मायक्रोमीटर राहिली तर हाच फरक सुमारे १३ अंशांवर जातो.

कणमिश्रित उष्णतावाहक लेपांवरील प्रयोगांतून रवी प्रशेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की अखेरची जाडी ही प्रवाहारंभ प्रतिबल व लावलेला दाब यांच्या गुणोत्तराच्या सुमारे ०.१६६ या घातानुसार बदलते. हा घात वरच्या आदर्श हिशोबातील घातापेक्षा बराच लहान आहे, म्हणजे दाब वाढवून होणारा लाभ आणखी तोकडा ठरतो. फट कणांच्या आकाराच्या जवळ येऊ लागली की लेपाला अखंड द्रव मानणेच चुकीचे होते. कण एकमेकांत अडकून खांबासारखे उभे राहतात आणि भार लेपाऐवजी तेच पेलतात. फार सावकाश दाबल्यास कण मागे राहून पातळ द्रव तेवढा गाळून बाहेर पडण्याचाही धोका असतो.

चौकोनी पृष्ठभाग व वाळूचा ढीग

थांबण्याच्या बेतात असलेल्या लेपात दाबाचा उतार सर्वत्र सारखा असतो व त्याचे मूल्य प्रवाहारंभ प्रतिबल आणि जाडी यांवरूनच ठरते. सर्वत्र सारखा उतार म्हणजे कोरड्या वाळूच्या ढिगाचा आकार. धातूंच्या विकृतीच्या अभ्यासात नादाई यांनी हे साम्य पूर्वीच वापरले होते. पाटावर कडेपर्यंत मावेल तितकी वाळू ओतली की जो ढीग तयार होतो, त्याच पाटाच्या आकाराच्या फटीत लेपाचा दाब तसाच पसरलेला असतो. गोल पाटावर शंकू होतो. चौरस पाटावर पिरॅमिड होतो आणि त्याच्या चार कडा कर्णांवर येतात. लेप प्रत्येक ठिकाणी जवळच्या कडेकडे सरकतो, त्यामुळे कर्ण ही प्रवाहाची विभागणी करणारी रेषा ठरते.

या कर्णरेषांचा परिणाम प्रत्यक्ष चिपवर दिसतो. आयबीएमच्या झुरिक येथील प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००७ च्या सुमारास दाखवले की कणमिश्रित लेप चौरस चिपवर दाबला असता कण कर्णांवर साचून फुलीसारखी आकृती बनते आणि त्या फुलीमुळे जाडी आणखी कमी होणे अडते. उपाय म्हणून त्यांनी पृष्ठभागावर लहानमोठ्या खाचांचे जाळे कोरले. खाचांमुळे लेपाला बाहेर पडण्याचे अंतर घटते आणि दाबाच्या एका उंच पिरॅमिडऐवजी अनेक बुटके पिरॅमिड तयार होतात.

संगणकीय पद्धती

सर्वांत थेट मार्ग म्हणजे प्रवाहाची संपूर्ण त्रिमितीय समीकरणे सोडवणे. पण ३० मिलिमीटर लांब व रुंद आणि ५० मायक्रोमीटर जाड अशा लेपात जाडीच्या दिशेने दहा कोष्ठ घेतले व कोष्ठ घनाकार ठेवले, तर एकूण ३६ कोटी कोष्ठ लागतात. आडवे ताणलेले कोष्ठ वापरून ही संख्या कमी करता येते, तरी खर्च मोठाच राहतो.

म्हणून बहुधा रेनॉल्ड्स यांच्या समीकरणाचा आधार घेतला जातो. फट पातळ असल्याने जाडीच्या दिशेने दाब बदलत नाही असे मानता येते. मग दाब हे फक्त लांबी-रुंदीवर अवलंबून असलेले फल उरते आणि त्रिमितीय प्रश्न द्विमितीय होतो. लेप जेथे आहे त्या कोष्ठांत दाबाचे समीकरण सोडवले जाते, कोष्ठांच्या सीमांवरून किती लेप वाहिला हे काढले जाते आणि प्रत्येक कोष्ठ किती भरला आहे याची नोंद पुढे सरकवली जाते. पुढच्या काळपावलाला हीच क्रिया पुन्हा होते. सुरुवातीला थेंब उंच असताना फट पातळ असल्याचे गृहीतक लागू होत नाही, परंतु त्या टप्प्यातील विरोध इतका कमी असतो की अखेरच्या जाडीवर तिचा फारसा परिणाम होत नाही.

प्रत्यक्षात बहुधा वेग नव्हे तर बल माहीत असते. साध्या श्यान द्रवासाठी यावर सोपी युक्ती आहे. वेग एक एकक मानून दाब काढायचा, त्याची बेरीज करून बल काढायचे आणि दिलेल्या बलाशी तुलना करून खरा वेग ठरवायचा. लेप न्यूटनीय नसेल तर ही तुलना पुनःपुन्हा करावी लागते. वरचा पृष्ठभाग तिरका होण्याची शक्यता असेल, जसे चार कोपऱ्यांचे स्क्रू एकामागून एक आवळताना होते, तर उंचीबरोबर दोन दिशांचे कलही अज्ञात धरून बलाच्या व आघूर्णांच्या समतोलातून तिन्ही एकत्र काढावे लागतात.

त्रिमितीय सदृशीकरणात लेपाची पुढे सरकणारी कड कशी हाताळायची हा मुख्य प्रश्न असतो. कोष्ठातील द्रवाचा हिस्सा नोंदवणारी हर्ट व निकोल्स यांची १९८१ ची पद्धती आणि ओशर व सेथियन यांची १९८८ ची लेव्हल सेट पद्धती या दोन्ही स्थिर जाळीवर चालतात. लेपाबरोबर सरकणारी व विकृत होणारी जाळी वापरणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धती कडेचा आकार अधिक रेखीव देतात, पण दोन कडा येऊन मिळाल्या की जाळी नव्याने आखावी लागते. जाळीऐवजी सुटे कण वापरणाऱ्या पद्धतीत ही अडचण येत नाही, मात्र पातळ फट भरण्यास प्रचंड संख्येने कण लागतात. कोणत्याही पद्धतीत एक जुनी गोम शिल्लक राहते. द्रव पृष्ठभागावर अजिबात घसरत नाही असे मानले तर पुढे सरकणाऱ्या कडेशी प्रतिबल अनंत होते. ह्यू व स्क्रिव्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलेल्या या अडचणीवर कडेजवळ थोडी घसरण मान्य करून वाट काढली जाते.

घसरणीचा प्रश्न सर्व पृष्ठभागावर उद्भवला तर उत्तर पार बदलते. लेप पृष्ठभागाला अजिबात न चिकटता निखळ घसरत असेल, तर २५ मिलिमीटर त्रिज्येच्या व ५० मायक्रोमीटर जाडीच्या साध्या श्यान लेपाला दाबण्यास लागणारे बल सुमारे सव्वा लाख पटीने कमी होते. तेलकट लेप व गुळगुळीत पृष्ठभाग असताना थोडीफार घसरण होतेच. म्हणून पदार्थाचे गुणधर्म मोजताना पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवण्याची पद्धत आहे.

प्रवाहारंभ प्रतिबलाची स्वतःची गणिती अडचण आहे. पातळ फटीच्या गृहीतकावरून असा निष्कर्ष निघतो की मधला थर घनासारखा न ताणता सरकत असावा. परंतु तो थर बाहेर जाताना त्याचा परीघ वाढतो, म्हणजे तो ताणला जाणारच. लिप्सकम व डेन यांनी १९८४ मध्ये हा विरोधाभास निदर्शनास आणला. मधला थर खऱ्या अर्थाने घन नसून मर्यादेच्या जेमतेम वर, अत्यंत सावकाश वाहत असतो, असे पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाले. स्मिर्नायोस व त्सामोपुलोस यांनी २००१ मध्ये केलेल्या गणनेत न वाहणारा भाग फक्त दोन्ही चकत्यांच्या मध्याजवळच्या लहान क्षेत्रात आढळला. संगणकावर घन व द्रव यांतील तीक्ष्ण सीमा टाळण्यासाठी पापानास्तासिओ यांचे १९८७ चे सूत्र वापरतात. त्यात घन भागाला अतिशय जास्त पण सान्त श्यानता दिली जाते. सोय अशी की आज्ञावली सुरळीत चालते. किंमत अशी की सदृशीकरणातला लेप कधीच पूर्ण थांबत नाही, अगदी हळू का होईना सरकत राहतो. त्यामुळे ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते तोच पुसट होतो, आणि अखेरची जाडी वाचताना वापरकर्त्याला ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

अडकलेली हवा

लेपाचा एकच थेंब मध्यभागी ठेवला तर त्याची कड बाहेरच सरकत जाते व हवा आपोआप हाकलली जाते, पण चौकोनी पृष्ठभागाचे कोपरे उशिरा भरतात. अनेक थेंब ठेवले तर क्षेत्र लवकर व्यापले जाते, मात्र पसरणाऱ्या कडा एकमेकींना मिळताना मध्ये हवेचे कप्पे बंदिस्त होतात. फुलीच्या आकारात लेप लावण्यामागे हवेला चारही बाजूंनी वाट ठेवावी व लेप कोपऱ्यांपर्यंत आधीच न्यावा, असा दुहेरी हेतू असतो. हाताने चापटून पसरलेल्या असमान थरात बंद खोलगट जागा अधिक असतात.

अडकलेली हवा दाबाने नाहीशी होईल ही समजूत चुकीची आहे. ५० न्यूटन बल सुमारे २० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर पसरले तर सरासरी दाब २५ किलोपास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जेमतेम चौथाई भरतो. बॉइलच्या नियमानुसार तेवढ्याने बुडबुड्याचे घनफळ फार तर पाचव्या हिश्श्याने घटेल. फट त्याच वेळी निम्मी झाली असेल तर बुडबुड्याने व्यापलेले क्षेत्रफळ उलट दीडपटीहून अधिक होईल. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रतिमीटर-केल्विन, म्हणजे वर घेतलेल्या लेपाच्या जवळजवळ दोनशेव्या हिश्श्याइतकी असल्याने असा प्रत्येक कप्पा उष्णतेच्या वाटेतील अडथळा ठरतो. चांगल्या आज्ञावलीत म्हणून प्रत्येक बंदिस्त कप्प्याला वेगळा क्रमांक देऊन त्याचा दाब स्वतंत्रपणे मोजला जातो. बंदिस्त हवेला वातावरणीय दाबावरच ठेवणाऱ्या साध्या आज्ञावलीत हे कप्पे खोटेच भरून निघतात.

पडताळणी

सदृशीकरण ताडून पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे वरचा पृष्ठभाग काचेचा घेऊन दाबताना छायाचित्रे काढणे. लेपाची बाह्यरेषा यातून चांगली मिळते, पण काच वाकते व तिची घसरण धातूपेक्षा वेगळी असते. त्यामुळे बलाचे व जाडीचे मोजमाप वेगळ्याने करावे लागते. फक्त बाह्यरेषा जुळली म्हणजे प्रतिमान बरोबर, असे म्हणता येत नाही. एकाच घनफळाचा गोल थेंब कोणत्याही श्यानतेचा असला तरी गोलच पसरतो.

दाबलेले पृष्ठभाग उघडून पाहिल्यावर लेपावर अनेकदा झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते आणि लेप असमान पसरल्याचा समज होतो. ही नक्षी दाबताना नव्हे, पृष्ठभाग अलग करताना उमटते. फट वाढू लागताच कमी श्यानतेची हवा जास्त श्यानतेच्या लेपात बोटांसारखी शिरते. सॅफमन व टेलर यांनी १९५८ मध्ये या अस्थैर्याचे विश्लेषण केले. अशा नक्षीशी दाबप्रसरणाच्या सदृशीकरणाची तुलना करणे निरर्थक आहे.

इतर उपयोग

दंतवैद्यकात टोपीखालील सिमेंटचा थर जाड राहिला तर टोपी पूर्ण बसत नाही. यासाठी पाण्यावर आधारित चिकटवण्याच्या सिमेंटला आंतरराष्ट्रीय मानकात २५ मायक्रोमीटरची कमाल जाडी घालून दिलेली आहे आणि ती दोन काचांमध्ये सिमेंट ठराविक भाराखाली दाबूनच तपासली जाते. येथे लेप पसरत असतानाच घट्ट होत असतो, म्हणून सदृशीकरणात श्यानता काळाबरोबर वाढती धरावी लागते. बांधकामाच्या मसाल्यासाठी ब्राझीलने २०१० मध्ये दाबप्रवाहाच्या चाचणीचे राष्ट्रीय मानक प्रसिद्ध केले. तंतुयुक्त प्लॅस्टिकचे पत्रे साच्यात दाबून वाहनांचे भाग बनवताना आणि तापलेल्या धातूची घडाई करतानाही हीच समीकरणे थोड्याफार फरकाने वापरली जातात. घडाईत मध्याकडे चढत जाणाऱ्या दाबाला अभियंते घर्षणटेकडी म्हणतात, आणि तिचा आकार वर सांगितलेल्या वाळूच्या ढिगासारखाच असतो.